सॉफ्ट-टॉप (दुमडणाऱ्या कापडी छताच्या) गाडीत पावसाचं पाणी शिरून वायरिंग खराब होऊ नये म्हणून काय करावं?

नाशिकला झाडाखाली उभी असलेली जुनी पॉर्शे बॉक्स्टर, पावसात कार्पेट ओलं, म्हणून छत बदलायचा विचार, असं तुम्ही लिहिलंय. छताचा खर्च इतक्यात करू नका. बहुतेक वेळा दोष तुंबलेल्या ड्रेनचा, म्हणजे छतावरचं पाणी गाडीखाली सोडणाऱ्या नळीचा असतो.

छत अर्धं उघडून मागच्या दोन्ही कोपऱ्यांत बघा. गुलमोहराची बारीक पानं आणि धूळ मिळून तिथे चिखलाचा घट्ट बूच बसतो. तो बोटांनी काढा, मग जाड नायलॉनची तार हलकेच आत सरकवा. कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नका, आतली नळी निसटली तर पाणी थेट गाडीत येईल. शेवटी मगभर पाणी ओता. ते लगेच गाडीखाली पडलं पाहिजे.

खरी भीती पुढे आहे. पहिल्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये (९८६) अलार्म-इमोबिलायझरचं मॉड्यूल (चोरी रोखणारा इलेक्ट्रॉनिक डबा) सीटखाली, अगदी जमिनीलगत असतं. ते भिजलं की गाडी चावीच ओळखत नाही, आणि नवं मॉड्यूल फार महाग पडतं. त्यामुळे कार्पेट ओलं असताना इग्निशन चालू करू नका, आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. कार्पेट वरून कोरडं दिसलं तरी दाबून बघा, खालचा फोम कितीतरी दिवस पाणी धरून ठेवतो.

दारांच्या रबरांना सिलिकॉन ग्रीस लावा, पेट्रोलियम जेली नको. हे सगळं मे महिन्यातच उरका.