शेरूसाठी रडते, आजीची हाक नको वाटते

"मावशी, आमचा कुत्रा शेरू जाऊन तीन आठवडे झाले. चौदा वर्षांची माझी लेक अजून धड जेवत नाही. त्याच्या आजारपणात ती रात्र रात्र जागली, तूप लावलेल्या भाकरीत गोळी दडवून त्याला भरवायची. पण खुब्याचं ऑपरेशन होऊन पडलेल्या आजीने हाक मारली की 'काय सारखं सारखं' म्हणते आणि दार लावून घेते. परवा मी बोलून गेले, 'कुत्र्यावर आहे तेवढी माया माणसांवर असती तर!' तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. – एक आई, कराड"

ते वाक्य आधी परत घ्या. आजच, आणि मागे 'पण' न जोडता. तिचं दुःख खरं आहे. कुत्रा आणि त्याचं माणूस एकमेकांच्या डोळ्यांत बघत राहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढतं, हे जपानी संशोधकांनी 2015 साली दाखवलं. आई-बाळाच्या नात्यातलं रसायन तेच.

कुत्र्यावरची माया आजीपर्यंत का पोचत नाही, हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे. घरात प्राणी असला की मूल आपोआप कनवाळू होतं, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. मुलाचा त्या जिवाशी किती लळा आहे, त्याचं करतं कोण, यावर पुष्कळ अवलंबून असतं. तुमच्या लेकीने शेरूचं केलंय, मनापासून केलंय. शेरू कुरकुरला की त्याला दुखतंय हे तिला कळायचं. आजी कुरकुरली की तिला ती कटकट वाटते. आजीच्या कुरकुरीतही दुखणंच आहे, हे तिला अजून कुणी दाखवलेलं नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला वडील माझा हात बैलाच्या खांद्यावर ठेवायचे. जोखडाने घासून कातडं निबर झालेलं, त्यावर हळद-तूप. "कुठं गरम लागतंय, बघ," म्हणायचे. दुखरी जागा बोटांना कळायला लागली ती तिथे. पण आई आजारी पडली तेव्हा तिचे पाय चेपायला मला वडिलांनीच बसवलं. माझं मला ते सुचलं नव्हतं.

तुम्हीही तेच करा. "आजीची काळजी घे" असं मोघम सांगू नका. "आजी रात्रीची गोळी घ्यायला कंटाळते, तुला जमेल का बघ," एवढंच म्हणा आणि ते काम पूर्ण तिच्यावर सोपवा. (भाकरीत दडवायची नाही, हे तेवढं सांगा!) जवळ बसायला ती कचरली तर रागावू नका. शेरू तिच्या डोळ्यांदेखत गेला. अंथरुणाला खिळलेलं आणखी एक माणूस बघायची तिला धास्ती वाटत असेल. त्याबद्दल तिला विचारा.

आणखी आठवडाभरात जेवण-झोप सुधारली नाही, तर डॉक्टरांना दाखवाच. नवं पिल्लू आणायची घाई नको. आणि शेरूची थाळी अजून ओट्याखाली असेल, तर ती लेक म्हणेल तेव्हाच उचला.