खडीच्या गाळणीत अमोनिया घटतो, मग नायट्रेट का वाढते?

गिरणाकाठच्या आपल्या गावातील सांडपाण्याच्या खडीच्या गाळणीतून बाहेर पडणाऱ्या पाण्यात अमोनिया घटला, पण नायट्रेट वाढले, असे का, हे आपण विचारले आहे. गाळणी बिघडलेली नाही. तिच्याकडून निम्मेच काम होते आहे. खडीवर बोट फिरवल्यास जो तपकिरी, बुळबुळीत थर लागतो, त्यातील जिवाणू प्राणवायू घेऊन अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. त्यामुळे नत्राचे केवळ रूप बदलते, ते पाण्यातच राहते.

नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू नसलेली जागा आणि सेंद्रिय कर्ब, दोन्ही लागतात. गाळणीनंतरच्या पाण्यात असा कर्ब फारसा उरत नाही. म्हणून गाळणीच्या आधी, कायम पाण्याखाली राहणाऱ्या खडीची टाकी बांधावी आणि गाळलेल्या पाण्याचा काही भाग पंपाने तिच्यात परत आणावा, म्हणजे कच्च्या सांडपाण्यातील कर्बच त्यांच्या उपयोगी पडतो. मूळ प्रवाहाइतकेच पाणी परत आणल्यास जास्तीत जास्त निम्मे नायट्रेट जाते, दुप्पट आणल्यास दोन तृतीयांश. मात्र फार पाणी फिरवले, तर त्यासोबत प्राणवायूही टाकीत येतो आणि काम मंदावते.

खानदेशातील उन्हाळा या जिवाणूंना मानवतो; जानेवारीच्या थंडीत वेग कमी होतो, तेव्हा पाण्याची तपासणी अवश्य करावी. हे पाणी केळीला देणार असाल, तर सगळे नत्र काढण्याचा अट्टहास नको, पण खताची मात्रा तेवढी कमी करावी, नाहीतर नायट्रेट झिरपून विहिरीत उतरते, आणि पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे.