पहिला केक सजवताना

अगं, फॉन्डंट, म्हणजे लाटून केकवर चढवायचं साखरेचं आवरण, आत्ता विसर. आधी क्रीम नीट बसवायला शीक. क्रॉफर्ड मार्केटात गेलीस की सगळंच घ्यावंसं वाटतं. मी पहिल्याच फेरीत २४ नोझलचा, म्हणजे क्रीमला आकार देणाऱ्या टोकांचा, डबा उचलला, आजवर वापरली तीनच. तुला फिरतं स्टँड, क्रीम पसरायला लांब पॅलेट नाइफ, क्रीम पिळायला पायपिंग बॅग आणि एक स्टार नोझल पुरे.

घोळ होतात ते घाईमुळे.

- केक कोमट असताना क्रीम लावलंस तर घसरणारच. मी आदल्या रात्री भाजून, गार करून, गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवते.
- गोठवलेलं व्हिपिंग क्रीम (फेटून फुलवायचं) फ्रिजमध्येच सुटू दे आणि थंडगार असतानाच फेट. आपल्याकडच्या मे महिन्यात तर भांडं आणि बीटरची पातीसुद्धा १५ मिनिटं फ्रीझरमध्ये. पातं उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांब. ‘अजून जरा’ म्हणून फेटत राहिलीस की रवाळ होतं, मग कडा गुळगुळीत येतच नाहीत.
- आधी पातळ थर, अर्धा तास फ्रिज, मग दुसरा. चुरा पहिल्यातच अडकतो.

फुलांचा सराव स्टीलच्या ताटाच्या पाठीवर कर. खरवडून दोन-तीनदा तेच क्रीम चालतं. आणि शेजारच्या काकूंनी कितीही गळ घातली तरी इतक्यात ऑर्डर घेऊ नकोस हं!