लॅपटॉप सुरू होताना डिस्क रिपेअरवरच अडकतो, पुन्हा रीस्टार्ट होतो. काय करावं?

बॅकअप नसेल तर दुरुस्ती आत्ताच थांबवा. मरायला टेकलेल्या डिस्कवर रिपेअर पुन्हा पुन्हा चालवलं की उरलेला डेटाही जाऊ शकतो. माझ्या बहिणीचे प्रोजेक्टचे फोटो असेच गेले, म्हणून कळकळीने सांगतोय.

पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजऐवजी वापरता येणारी फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम) टाका, त्यावरून लॅपटॉप सुरू करा आणि फाइली बाहेरच्या हार्डडिस्कवर काढा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला कुलूप लावणारं फीचर) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की लागेल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडते.

मग विंडोज चालू होताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा. असं दोन-तीनदा केलं की रिकव्हरी स्क्रीन येते. तिथून ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, कमांड प्रॉम्प्ट. इथे विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर 'सी' नसूही शकतं, म्हणून आधी 'डीआयआर' (dir) कमांडने खात्री करा आणि त्याच ड्राइव्हवर डिस्क तपासून दुरुस्त करणारी 'चेकडिस्क' (chkdsk) कमांड स्लॅश एफ (/f) लावून चालवा.

तरीही फेरा सुटला नाही, किंवा हार्डडिस्क टकटक वाजत असेल, तर डिस्क बदला. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात एसएसडी (नव्या प्रकारची, वेगवान डिस्क) घ्या, पण ती समोर बसवून घ्या आणि जुनी डिस्क परत मागून घ्या.