तत्त्वज्ञान शिकले, पण राग गेला नाही

प्रश्न : सर, मी तत्त्वज्ञानात एमए केलं, नुसतं परीक्षेपुरतं नाही, अगदी मनापासून. वाटलं होतं की स्वभाव जरा शांत होईल, पण अजूनही कोणी खोचक बोललं की पित्त खवळतं ते खवळतंच. वर भाऊ म्हणतो, एवढं शिकून फक्त भांडताना मोठमोठी नावं घ्यायला शिकलीस. ही सगळी मेहनत म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी का?

उत्तर : नाही हो, पण तुम्ही मोजताय चुकीच्या जागी. दुसऱ्या शतकातल्या ऑलस गेलियस नावाच्या रोमन लेखकाने एक किस्सा लिहून ठेवलाय. तो जहाजाने इटलीला चाललेला, रात्रभर वादळ, लोकांची रडारड, आणि जहाजावर एक नावाजलेला स्टोइक (म्हणजे भावनांच्या आहारी न जाता विवेकाने वागा असं शिकवणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन पंथाचा) तत्त्वज्ञ, तर गेलियस मुद्दाम त्याचाच चेहरा बघत बसला, तो रडत-ओरडत नव्हता पण पडलेला मात्र सगळ्यांसारखाच पांढराफटक! वादळ शमल्यावर एका श्रीमंत माणसाने त्याची टरही उडवली. नंतर गेलियसने नीट विचारलं तेव्हा त्याने पिशवीतून एपिक्टेटस या त्याच पंथातल्या तत्त्वज्ञाचं पुस्तक काढून दिलं. त्यात म्हटलेलं की पहिला झटका शहाण्यालाही बसतो, तो कोणाच्याच हातात नाही, हातात आहे ते त्याला मान डोलवायची की नाही एवढंच.

म्हणजे पित्त खवळतं का हे बघूच नका, त्यानंतर तुम्ही काय करता ते बघा. आधी अख्खा दिवस अबोला असायचा आणि आता तासाभरात स्वतःहून बोलायला जाता, असं काही झालंय का? बहुतेक झालं असेल, फक्त ते कोणाच्या नजरेत भरत नाही, तुमच्याही नाही. आणि दोन-चार वर्षांत स्वभाव बदलावा ही घाई कशाला, पतंजलीने सुद्धा अभ्यास पक्का व्हायला दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने करावा लागतो असंच म्हटलंय. आपण नेमका खंड पाडतो, परीक्षा संपली की वह्या माळ्यावर.

भावाचं मात्र थोडं ऐका, मला तरी त्याच्या बोलण्यात तथ्य वाटतं. एपिक्टेटसच म्हणतो की मेंढ्या किती चरलो हे दाखवायला गवत आणून धनगरापुढे टाकत नाहीत, ते आत पचवतात आणि बाहेर लोकर, दूध देतात. (हा माणूस आधी गुलाम होता, त्यामुळे बोलणं एकदम रोखठोक.) वाचलेलं वादात वापरलं की जिंकल्याचं समाधान मिळतं आणि स्वतःवरचं काम तिथेच थांबतं, हे हुशार लोकांचं जास्त होतं.

करून बघायचं असेल तर सेनेका या रोमन स्टोइक तत्त्वज्ञाची सवय आहे, तो रोज रात्री दिवा गेला, बायको गप्प झाली की दिवसभरात आपण काय बोललो-वागलो ते सगळं तपासायचा, पण चुकलेलं सापडलं तर स्वतःला झोडपायचा नाही, यावेळी माफ, पुन्हा करू नकोस म्हणायचा. दहा मिनिटं पुरतात. आणि पुढच्या भांडणात भावासमोर एकाही तत्त्वज्ञाचं नाव घेऊ नका, साध्या शब्दात बोला.