प्रोबेशनचे अहवाल वाचताना

अमेरिकेतील किशोरवयीनांच्या प्रोबेशनमधील (म्हणजे कोठडीऐवजी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, ठरावीक अटींवर मोकळे ठेवण्याच्या व्यवस्थेतील) वर्णभेदावर संशोधन सुरू करताना आपण थेट आकडेवारीत शिरू नये. आधी प्रोबेशन अधिकाऱ्यांनी न्यायालयासाठी लिहिलेले अहवाल वाचावेत. जॉर्ज ब्रिजेस आणि सारा स्टीन यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे २३३ अहवाल तपासले, तेव्हा अधिकारी कृष्णवर्णीय मुलांच्या गुन्ह्याचे मूळ त्या मुलांच्या स्वभावात, तर गोऱ्या मुलांच्या बाबतीत ते भोवतालच्या परिस्थितीत शोधतात, असे दिसून आले. म्हणून विशेषणांखाली रेघ ओढत चला. ‘बेफिकीर’ हा शब्द कोणाच्या वाट्याला येतो, ते पाहा. अटभंगाच्या नोंदीही वेगळ्या काढा, कारण ठरलेली भेट चुकली किंवा शाळा बुडाली, एवढ्यावरूनही मुलाला पुन्हा न्यायाधीशांपुढे उभे केले जाऊ शकते (त्या दिवशी बस चुकली होती, हे मात्र कागदावर क्वचितच येते).