वाचकांचे प्रश्न : जंजिऱ्याचं राज्य घराण्याचं की आरमाराचं?

प्रश्न : मुरूडला जाऊन आलो. किल्ल्यात गाइडने छातीठोकपणे सांगितलं, एकाच नवाब घराण्याने बापाकडून मुलाकडे असा साडेतीनशे वर्षं जंजिरा राखला, म्हणून तो कुणाला घेता आला नाही. हे खरं आहे का?
– एक वाचक, पनवेल

उत्तर : किल्ला पडला नाही, हे खरं. बापाकडून मुलाकडे, हे मात्र अर्धंच खरं. आणि माझं मत विचाराल, तर जंजिरा तगला तो घराण्यामुळे नव्हे. सुरुवातीच्या काळात घराणं नव्हतंच, म्हणून तगला.

सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबशी. निजामशाहीच्या चाकरीत त्यांनी नाव काढलं; मलिक अंबर त्यांच्यातलाच. १६३६ मध्ये निजामशाही बुडाली आणि जंजिरा आदिलशाहीकडे गेला. किल्ल्यावरचा मुख्य सिद्दी हा तेव्हा राजा नव्हे, दरबाराने नेमलेला वजीर. मुलूख सांभाळायचा आणि आरमार बाळगायचं, हे त्याचं काम. तो गेला की गादीवर मुलगा बसेलच असं नव्हतं, आरमारातला त्याच्या खालोखालचा सरदार पुढे येई. दर्यावर ज्याची हुकमत चाले, त्याच्याच हाती किल्ल्याच्या किल्ल्या.

ही वहिवाट किती कामाची होती ते १६७० च्या सुमारास दिसलं. शिवाजी महाराजांनी किनाऱ्यावरचा मुलूख घेऊन जंजिऱ्याचा तेव्हाचा मुख्य सिद्दी फत्तेखान याची इतकी कोंडी केली, की तो किल्ला द्यायला राजी झाला. संबूल, कासम आणि खैरियत या तिघा सिद्दी सरदारांनी त्यालाच कैद केलं आणि मोगलांशी संधान बांधलं. एखाद्या घराण्याचा मामला असता, तर धनी शरण म्हणजे किल्ला शरण. इथे धनीच बदलला! पुढे १६७१ च्या होळीत, जंजिऱ्यासमोरच्या किनाऱ्यावरच्या दंडा-राजपुरीतले मराठे सणात दंग असताना, खैरियतने जमिनीवरून हूल दिली आणि कासमने दर्याच्या बाजूने तट चढून ठाणं घेतलं. महाराजांनी मग जंजिऱ्यासमोरच्या कांसा बेटावर पद्मदुर्ग बांधला. तोही आवर्जून बघा, गाइड मंडळी त्याच्याकडे नुसतं बोट दाखवून मोकळी होतात.

या पद्धतीत भांडणं नव्हती असं मात्र समजू नका. मोगलांनी आरमार संबूलकडून काढून कासमला दिलं, याकूतखान हा किताबही दिला. दोघांची मुंबईत चकमक उडाली. संबूलच्या नात्यातला सिद्दी मिस्री तर पुढे मराठ्यांच्या आरमारात शिरून याकूतखानाशी लढला. 'सिद्दी विरुद्ध मराठे' असा सरळसोट हिशेब मांडणाऱ्यांना मिस्री नेहमी अडचणीचा वाटतो. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये जंजिऱ्याला वेढा घातला, खाडीत भर टाकून सेतू बांधायला घेतला. पण औरंगजेबाची फौज स्वराज्यावर आली आणि ते काम अर्ध्यावर राहिलं.

वारसाहक्क रुजला तो अठराव्या शतकात, आणि तिथूनच घसरण लागली. जंजिऱ्याचा सिद्दी रसूल याकूतखान (हा कासम नव्हे, किताब तेवढा तोच) १७३३ मध्ये वारला आणि गादीवरून घरातच जुंपली. थोरला मुलगा अब्दुल्ला मारला गेला, आणि अब्दुल्लाचा मुलगा अब्दुल रहमान मराठ्यांच्या बाजूला आला. पहिल्या बाजीरावाला याहून चांगली संधी कुठली मिळणार? त्याच वर्षी रायगड मराठ्यांकडे परत आला आणि डिसेंबरच्या तहात सिद्दीचे अकरा महाल, म्हणजे परगणे, निम्मेनिम्मे वाटले गेले. साडेपाच इकडे, साडेपाच तिकडे! १९ एप्रिल १७३६ रोजी चिमाजी अप्पांनी जंजिऱ्याचा सरदार सिद्दी सात याला रेवसजवळच्या लढाईत मारलं, तेव्हा सिद्दीचा दरारा संपला. बेट तेवढं उरलं. गंमत अशी की पेशव्यांचं भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं देशमुख, म्हणजे सिद्दीच्याच मुलखातलं. बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचाला कंटाळून देशावर आले नसते, तर पुढचं किती काय बदललं असतं! पण 'नसते तर' हा प्रश्न या सदरात घ्यायचा नाही, हा माझाच नियम आहे.

प्रश्न : सुरतेजवळच्या सचिन संस्थानाचे नवाबही सिद्दीच. ते जंजिऱ्याचे का? आणि काठेवाडातलं जाफराबाद जंजिऱ्याकडे कसं?
– एक वाचक, वसई

उत्तर : सचिन हे गादीच्या भांडणाचंच फळ. १७८४ नंतर सिद्दी जौहरने जंजिरा बळकावला. खरा वारस म्हणून अब्दुल करीम ऊर्फ बाळू मियां पुण्याला पेशव्यांकडे दाद मागू लागला. १७९१ मध्ये त्याने जंजिऱ्यावरचा हक्क पेशव्यांना लिहून दिला आणि बदल्यात सुरतेजवळचा सचिनचा मुलूख घेतला. पेशव्यांना जंजिरा कधीच मिळाला नाही, बाळू मियांच्या वंशजांनी मात्र सचिनवर १९४८ पर्यंत राज्य केलं. या व्यवहारात शहाणा कोण ठरला, ते तुम्हीच ठरवा.

जाफराबादचं थोडक्यात सांगतो. सुरतेच्या सिद्दी हिलालने तिथल्या चाच्यांचा बंदोबस्त केला, ठाणं आपल्याकडे घेतलं आणि १७६२ मध्ये जंजिऱ्याला विकलं. तेव्हापासून विलीनीकरणापर्यंत ते मुरूडच्या नवाबाकडेच होतं.

प्रश्न : किल्ल्याखेरीज सिद्दींचं काय पाहावं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : राजापुरीजवळचे खोकरीचे घुमट, म्हणजे सिद्दींच्या कबरी. मोठा घुमट जंजिऱ्याच्या सुरूलखान या सिद्दीचा, शेजारचे दोन लहान याकूतखान (कासम) आणि खैरियतखानाचे, म्हणजे होळीच्या रात्रीचे तेच दोघे. दगडातली जाळी बारकाईने बघा, प्रत्येक चौकटीतली नक्षी वेगळी सापडेल. किल्ल्याच्या दरवाजाशी हत्तींना पंजांत दाबून धरलेल्या वाघाचं शिल्प आहे, पण होडीवाल्यांची परतायची घाई असते, त्यामुळे ते आत शिरतानाच पाहून घ्या.